आखातातलं युद्ध आणि आमचे रोडगे

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. मेसमधल्या एका मुलीने अर्धी कोरी वही टाकून दिली होती, तिच्यात लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. तरी चुकून कोणाच्या हाती पडली तर चुकांबद्दल माफ करावं. तोंडाने मला इतकं सांगता येत नाही. चार माणसं दिसली की शब्द घशातच राहतात.

अमरावतीत आमची लहानशी मेस आहे. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या बावीस मुली दोन वेळा जेवायच्या. सकाळी मैदानावर धावून आल्या की त्यांची भूक बघण्यासारखी असते. होळी झाली की त्यांच्याकडून तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि त्यातून वर्षाचा गहू अन् तूर भरायची, ही माझी दरवर्षीची रीत. त्या वर्षीही तेच केलं. कोठ्या भरल्या, कडुलिंबाचा पाला घातला, झाकणं लावली. आणि आठ दिवसांत गॅस बंद झाला.

युद्ध तिकडे आखातात चालू होतं. आपला देश कोणाच्याच बाजूने नाही, असं टीव्हीवर रोज सांगायचे. ते ऐकून मी निश्चिंत होते. मग एजन्सीवाला म्हणाला, "मोठी सिलिंडरं येऊनच नाही राहिली, काकू. जहाजं अडकली."

मोर्शीकडची एक मुलगी होती, फार बोलकी. तिला नौदलात जायचं होतं, समुद्र मात्र तिने कधी पाहिला नव्हता. तिने मोबाइलवर नकाशा दाखवला. पाण्याची एक चिंचोळी वाट होती, तिथूनच आपला गॅस यायचा.

"आपन तं कोनाचेच नाही ना?" मी विचारलं.

"कोनाचे नाही, काकू. पन आपला रस्ता त्यायच्या आंगनातून हाये."

घरचं लहान सिलिंडर चार दिवस पुरलं. विजेची शेगडी आणली तर गल्लीतली वीज सारखी जायला लागली. एका वेळचा खिचडीभात, दुसऱ्या वेळेला काही नाही, असं व्हायला लागलं. धावणाऱ्या मुली किती दिवस काढतील? नऊ जणी दुसरीकडे गेल्या. त्यांत ती मोर्शीची मुलगीही होती, खाली मान घालून गेली. जाताना म्हणाली, "काकू, राहिलेले पैसे..." मी म्हटलं, "देते."

कुठून देणार? पैसे कोठ्यांत होते. ह्यांनी दोन पोती विकायला नेली, तर व्यापाऱ्याने निम्मा भाव सांगितला, ती तशीच परत आणली. घरात वर्षाचा गहू आणि पोळी भाजायला आग नाही. उरलेल्या तेरा जणीही गेल्या असत्या तर मेस संपली असती आणि बावीस जणींचं देणं डोक्यावर बसलं असतं. त्या नऊ जणी दिसू नयेत म्हणून मी बाजारात मागच्या गल्लीने जायला लागले.

एक दिवस जेवताना मुली बोलत होत्या, की आपली लढाऊ जहाजंही आता तिकडे गेली, गॅसच्या जहाजांना सोबत म्हणून.

"म्हंजे आपन कोनाच्या बाजूनं?"

"सिलिंडरच्या!" सगळ्या हसल्या.

मला हसू आलं नाही. आधी गॅस अडकला, मग तो आणायला जहाज गेलं, आता त्या जहाजावर कोणाची तरी लेकरं असणार. कोणी ठरवलं नाही आणि आपण जाऊन पोचलो. मला मोर्शीच्या मुलीची आठवण झाली. तिची परीक्षा पुढच्याच महिन्यात होती.

मी कोणाला काही बोलले नव्हते, पण ह्यांनी अकोल्याला फोन केला असावा. माझी मोठी नणंद तिकडे शेती करते. दोन दिवसांनी ती टेम्पो घेऊन दारात उभी. टेम्पोत कपाशीच्या वाळल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, आणि रोडगे भाजायला दोन पोती गोवऱ्या.

"काहून वं, गॅस नवता तवा तुह्या मायनं तुले उपाशी ठेवलं काय?"

"ताई, शयरातल्या मेसमंदी रोडगे कोन खाईन? पैसे देऊन?"

"तेरा पोरीयची तुले भीती वाटते! आमच्या वावरात दोनशे लोकं जेवून जातात. ऊठ, गहू काढ. जाडा दळून आन. लाजत बसली तं कोठीतच किडे होतीन त्याले."

शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गोवऱ्या पेटवल्या. कणकेत तेल, ओवा, मीठ घालून गोळे केले आणि विस्तवात भाजले. पऱ्हाट्यांच्या चुलीवर तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. मला वाटलं होतं मुली नाक मुरडतील. त्यांनी फडक्यात झटकून राख काढली, रोडगे कुस्करले, वर तूप घेतलं, आणि कोणी बोलेचना.

"पाह्य, जीभ गियली वाटते पोरीयनं," नणंद म्हणाली.

तेरापैकी एकही गेली नाही. गल्लीतले लोक धुराची तक्रार करायला आले ते रविवारची ऑर्डर सांगून गेले. त्या ऑर्डरींतून मी एकेकीचे पैसे परत करत गेले. समोरच्या रस्त्याने, घरी जाऊन.

आता युद्ध थांबलं म्हणतात. सिलिंडर फोन केला की येतं. रविवारी रोडगे मात्र चालूच आहेत.

फक्त मोर्शीच्या मुलीचे पैसे राहिले होते. ती परीक्षा देऊन गावी गेली होती. परवा ती दारात उभी राहिली. निवड झाली होती, प्रशिक्षणाला निघाली होती. आधी युद्ध थांबलं, मग तिला वर्दी मिळाली. याच क्रमाने झालं, याचं मला फार बरं वाटलं.

मी डब्यातून पैसे काढले. ती मागे सरली. "राहू द्या ना, काकू. रोडगे चारा, झालं."

"रोडगे खाय. पन पैसे घे," मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की हे आतून बघायला आले.

तिने घेतले. मी तिला माझ्यासमोर मोजायला लावले. पुरे होते.