मिनिटाला अठरा

सलाइनच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या आमच्या वॉर्डातून दर शनिवारी भंगारात जातात. किस्से न्यायला मात्र कोणी येत नाही! इंटर्नशिपच्या चार महिन्यांत माझ्याकडे इतके साठलेत, की आता तुम्हालाच ऐकावे लागतील.

*

मोठे साहेब केसपेपरवर लिहितात, "सलाइन : मध्यम." पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सर, मध्यम म्हणजे मिनिटाला किती थेंब?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "फास्ट आणि स्लोच्या मधे!"

*

मग मीच वॉर्डातल्या फळ्यावर हिशेब मांडला. बाटली ५४० मिली, एका मिलीचे सोळा थेंब, वेळ आठ तास. म्हणजे मिनिटाला अठरा.

दुसऱ्या दिवशी हिशेब गायब! त्या जागी लिहिलं होतं : "फळ्यावर लिहू नये."

*

थेंब मोजायला सेकंद काटा लागतो. वॉर्डातल्या घड्याळाला तो नाही. स्टोअरकडे अर्ज केला. उत्तर आलं : "घड्याळ तास व मिनिटे दाखवीत आहे. रुग्णालयाचे कामकाज सेकंदांवर चालत नाही."

खरंच आहे. सेकंदांवर चालतो तो साहेबांचा धंतोलीतला खासगी दवाखाना!

*

सिस्टरांचा नियम असा, की पुढच्या ड्यूटीला अर्धी बाटली सोपवायची नाही. म्हणून दुपारी दीडला सगळ्या नळ्यांचे स्क्रू उघडतात आणि दोनपर्यंत बाटल्या रिकाम्या! मी भांडले. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरबाई, पाणीच तर आहे ना!"

*

सात नंबरच्या खाटेवर नरखेडकडचे, संत्र्याचा बगीचा असलेले एक बाबा होते. हृदय दुबळं. हे 'पाणीच' भरभर गेलं असतं तर छातीत साचून श्वास कोंडला असता. उशाशी बसलेली आजी मात्र वैतागलेली.

"काहून वं पोरी, थेंब थेंब करून राहिली? पाट सोड ना चांगला!"

"आजी, संत्र्याच्या झाडाला पाणी जास्त झालं तर?"

"मुळ्या सडतात." आजी बाबांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "किती सोडाचं, सांग."

"माझ्या घड्याळातला हा काटा एक फेरी मारेल, तेवढ्यात अठरा थेंब. त्यावर एक नाही."

आजीनं हात पुढे केला. "दे तुह्यं घड्याळ."

*

काल साहेबांचा राऊंड लांबला. दीड वाजला. सिस्टर म्हणाल्या, "सर, सातची अजून अर्धी आहे."

"मग सोडा ना जोरात!" म्हणत साहेबांनी स्वतःच स्क्रू फिरवला. थेंबांची धार लागली.

आजीनं त्यांचं मनगट धरलं. "अठरा!"

"काय अठरा?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या इंटर्नशिपच्या दाखल्यावर सही त्यांचीच व्हायची होती.

मी म्हटलं, "मध्यम, सर."

मनगट काही सुटेना. शेवटी साहेबांनी त्याच हातानं स्क्रू हळूहळू आवळला. "झालं आता?"

आजीची नजर काट्यावर होती.

"गप ऱ्हा गा, मोजून राहिली मी!"