रोजामावशीच्या पदराच्या गाठी

मंडळी, रोज सकाळी मी इथे बायबलमधलं एक वचन टाकते आणि खाली 'प्रार्थना करा' लिहिते. तुम्ही 'आमेन' लिहिता, मी हात जोडलेला इमोजी टाकते. झालं काम! आज मालवणच्या मासळी बाजारात माझी चांगलीच जिरली.

बांगडे निवडत होते, तेवढ्यात आमच्या चर्चमधल्या रोजामावशीने मासे मोजता मोजता विचारलं, "गो, त्या कट्ट्याच्या चेडवाच्या आवशीचा ऑपरेशन कसा झाला?"

कट्टा गावच्या त्या मुलीने आईच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करा असं माझ्याच पोस्टखाली लिहिलं होतं. मी इमोजी टाकून विसरले होते.

मावशीला वाचता येत नाही. नात तिला तुमच्या कमेंट वाचून दाखवते. कोणी काही मागितलं असेल, तर मावशी त्याच्या नावाने पदराला एक गाठ मारते. दिवसभर मासे विकताना हात गाठीला लागला की त्या माणसासाठी प्रार्थना करते. बरी बातमी कळली तरच गाठ सोडते.

"प्रार्थना करा म्हणान तूच लिवतंस मा? मगे पुढे काय झाला, ता माका कोण सांगतला?"

तिथेच उभ्याने मी त्या मुलीला मेसेज केला. आई कालच घरी आली होती.

मावशीने हात धुतले, पुसले आणि सावकाश गाठ सोडली. इतकं सुंदर 'आमेन' मी आजवर पाहिलं नव्हतं.

म्हणून आज वचन नाही. ज्यांनी इथे काही मागितलं होतं, त्यांनी सांगा ना, आता कसे आहात? मावशीच्या पदराला अजून चार गाठी आहेत, आणि उद्या ती मलाच विचारणार आहे.