एका टोकानं सुटा दोरा

दोरेकाकांनी आपल्या सख्ख्या धाकट्या भावाला मारलं होतं, आणि नव्या माणसाला ही गोष्ट ते पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकत. "कुणाकडनं ऐकण्यापेक्षा माझ्याकडनं ऐका," असं म्हणून ते पुन्हा जाळं हातात घेत. ऐकणारा उठून गेला तर ते त्याला थांबवत नसत. मी उठून गेले नाही, कारण मला ते आधीच माहीत होतं. मिरकरवाडा बंदरात कुणाला माहीत नव्हतं?

भांडण होडीवरून झालं होतं. दोघेही प्यायलेले होते. जेटीवर सगळ्यांच्या देखत काकांनी होडीचा लोखंडी नांगर उचलला आणि भावाच्या डोक्यात घातला. भावाचा मुलगा रॉबिन तेव्हा सहा वर्षांचा होता आणि बापाचा डबा घेऊन तिथंच उभा होता. काका चौदा वर्षं तुरुंगात राहिले. सुटून आले ते जेटीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाळी दुरुस्त करायला बसले. मासळीच्या लिलावाला आलेल्या बायका जाता-येता ओरडायच्या, "ए भावमाऱ्या, जाळं शिवतोस की गळफास?" काका मान न उचलता म्हणायचे, "जाळंच गो बाय. गळफास शिवून झाला, लागला नाय."

तुरुंगातून आल्यावर त्यांनी पात्याच्या वस्तूला हात लावला नाही. सुरी नाही, कोयता नाही, साधी कात्रीसुद्धा नाही. नायलॉनचा दोरा ते लायटरनं जाळून तोडत. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक गाठीच्या शेवटी मोहरीएवढा काळा मणी असायचा. बंदरातला कुठलाही खलाशी तो मणी बघून सांगायचा, की हे काम दोरेकाकांचं.

त्यांना दोरेकाका म्हणत ते मात्र जाळ्यांमुळे नाही, त्यांच्या पुस्तकामुळे. तुरुंगात भेटायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी त्यांना जुना आणि नवा करार एकत्र असलेलं पवित्र शास्त्र दिलं होतं. काकांना अक्षरं जेमतेम लागायची, अध्याय आणि ओव्यांचे आकडे तर मुळीच लक्षात राहत नसत. म्हणून त्यांनी आपली युक्ती काढली होती. जुन्या करारातली एखादी गोष्ट नव्या करारात पुरी होते असं दिसलं, की दोन्ही पानांच्या कडेला भोक पाडायचं आणि एकातून दुसऱ्यात दोरा ओवून गाठ मारायची. हिरवे, निळे, लाल दोरे. पुस्तक मिटलं की कडेनं झिपऱ्या लोंबायच्या. एक ओढली की हजार पानांपलीकडचं दुसरं पान हलायचं.

मी त्यांना वाचून दाखवू लागले तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. वडील ट्रॉलरवर खलाशी, आई जेटीवर कोळंबी सोलायची. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं आणि वर्गात मोठ्यानं वाचायची वेळ आली की माझा घसा बसायचा. काका म्हणाले, "मला वाचून दाखव. तुझी भीती जाईल नि माझं काम होईल." आई म्हणाली, "वाच हवं तर, पण गळ्यात क्रूसबीस घालून येऊ नको." काकांना हे सांगितलं तर ते हसले. "आईला सांग, तुझ्या गळ्यातनं नुसता आवाज काढायचाय. तोच निघत नाय."

मग दुपारी दुपारी मी वाचायचे. जेटीवर बर्फ फोडायचा आवाज चालू असायचा. "शब्द तोंडात धरू नको," काका दटावायचे, "बर्फवाल्यापर्यंत गेलं पाहिजे." आणि काय काय वाचलं मी! ते देवाधर्माचं पुस्तक असेल म्हणून मी शांतपणे सुरुवात केली होती, पण पानोपानी रक्त. दाराच्या चौकटींना कोकराचं रक्त फासलेलं, ज्या घरांना ते नाही तिथली थोरली मुलं मेलेली. वाळवंटात साप चावून माणसं पटापट मरतायत आणि खांबावरच्या पितळी सापाकडे बघतील तीच वाचतायत. प्रत्येक ठिकाणी दोरा होता. अब्राहामानं मुलाला बांधून सुरी उगारली तिथला लाल दोरा थेट क्रूसाच्या पानावर जायचा. काका बोटानं तो ताणून धरत. "इथं वरनं आवाज आला नि सुरी थांबली. तिथं कुणी थांबवली नाय. तिथं बापानं आपला पोरगा दिला."

योना तीन दिवस माशाच्या पोटात होता, तो दोरा ख्रिस्ताच्या तीन दिवसांच्या कबरीला बांधलेला. त्यावर मात्र ते स्वतःच हसायचे. "आमच्या बंदरात कुणाला सांगू? बर्फाशिवाय तीन दिवस मासा टिकत नाय, माणूस कसा टिकला?"

एकदा मी विचारलं, नवं आलं तर जुनं ठेवायचं कशाला? त्यांनी मांडीवरचं जाळं माझ्यापुढे धरलं. जाळ्याच्या एकेका चौकोनाला आमच्याकडे आस म्हणतात. "फाटलेलं जाळं फेकतात काय? चांगला आस लागेपर्यंत मागं जायचं. तिथनं नवं विणायला घ्यायचं. जुन्याला धरल्याशिवाय नवा आस उभाच राहत नाय."

एकच दोरा त्या पुस्तकात सुटा होता. काइनानं हाबेलाला, भावानं भावाला, शेतात मारलं त्या पानाचा. जमिनीवर सांडलेलं भावाचं रक्त देवाकडे ओरडतं, एवढं वाचलं की काका मला थांबवायचे. त्या दोऱ्याचं दुसरं टोक तसंच लोंबत होतं. "हाबेल पुढे परत येतो काय गो? बघ नीट. ते रक्त ओरडायचं थांबलं असं कुठं लिवलंय काय?"

मी बघितलं. पण नीट बघितलं नाही. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती आणि नव्या करारातली शेवटची पत्रं मला कंटाळवाणी वाटली. मी पानं चाळली आणि सांगून टाकलं, "काका, पुढे नुसत्या सूचना आहेत. हाबेल नाही." काकांनी तो सुटा दोरा पानांत परत सारला. मग म्हणाले, "नसेल."

त्यानंतर आठवड्याच्या आत रॉबिन आला. चोवीस वर्षांचा, जयगडच्या बंदरात कामाला असलेला. कुणीतरी त्याला डिवचलं होतं, "तुझ्या बापाला मारणारा पुस्तक ऐकत बसलाय नि तू गोण्या मोजतोस." भर दुपारी तो कोयता घेऊन शेडच्या दारात उभा राहिला.

"बाय, तू बाहेर जा," काका म्हणाले. "हे आमच्या घरातलं आहे."

मी पुस्तक धरून तिथंच बसून राहिले. काकांनी मांडीवरचं जाळं बाजूला केलं. "ये रे. डोक्यात मार. अर्धवट ठेवू नको."

"तोंड वर कर," रॉबिन ओरडला. "कुठं मारायचं ते मला सांगतोस? माझ्या बापाला तू सांगून मारलंस?"

"नाय."

कोयता आला. काकांनी घाव अंगावर घ्यायचं ठरवलं होतं, पण त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला. हाड तुटल्याचा आवाज बर्फ फुटल्यासारखा होता. जाळ्यावर, पुस्तकावर, माझ्या ओढणीवर रक्त उडालं. रॉबिन त्या लोंबणाऱ्या हाताकडे बघत राहिला आणि कोयत्यासकट पळाला.

पोलिसांना काकांनी सांगितलं, "जाळं ओढायच्या विंचमध्ये हात गेला." मला विचारलं तेव्हा काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हणाले की मी बाहेर होते. ते बरोबर होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

इस्पितळात ते म्हणाले, "हात वर गेला, त्याची लाज वाटते. घाव चुकवायचा नव्हता मला." मग मी रडतच कबूल केलं की मी पत्रं वाचलीच नव्हती. ते रागावले नाहीत. "मग आता वाच. घाई कुठं आहे?"

तिसऱ्या दिवशी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ते सापडलं. तिथं ख्रिस्ताच्या रक्ताबद्दल म्हटलं आहे, की ते हाबेलाच्या रक्तापेक्षा चांगलं बोलतं. मी दोनदा वाचलं, शेजारच्या खाटांपर्यंत गेलं. काकांनी डोळे मिटले. "म्हणजे पयलं रक्त गप्प बसत नाय," ते सावकाश म्हणाले. "बोलतंच. माझ्या भावाचं बोललं परवा, रॉबिनच्या तोंडनं. पण दुसरं त्याच्यावर बोलतं." आणि थोड्या वेळानं, "दोरा बांधायला हवा गो. हातच नाय."

मी बांधते म्हणाले. ते नको म्हणाले.

पुढे माझी पदवी झाली आणि पोफळी गावाजवळच्या शाळेत मराठी शिकवायला लागले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज जातो, तो त्या शेडमधला. काका छातीच्या दुखण्यानं गेले तेव्हा मला दोन दिवसांनी कळलं. मी पोचले तर शेडच्या दारात रॉबिन उभा होता. मी दचकून मागे सरले. त्यानं कापडात बांधलेलं पुस्तक पुढे केलं.

"मोठे पप्पा म्हणाले, तुम्हाला द्यायचं."

मी काइनाचं पान उघडलं. दोरा ताणलेला होता, दुसरं टोक इब्रीच्या पत्रात गाठ मारून बांधलेलं. गाठ घट्ट, नीटस. पण टोकाला काळा मणी नव्हता. दोरा पात्यानं स्वच्छ कापलेला होता.

"गाठ तू मारलीस?"

"त्यांना एका हातानं जमेना. माझ्या मागं निरोपावर निरोप. शेवटी आलो."

"आणि कापलास कशानं?"

तो पुस्तकाचं कापड घडी घालू लागला. लिलावाचा गलका चालू होता.

"मी लायटर काढला होता," तो म्हणाला. "तर म्हणाले, त्या दिवशीचा कोयता आणलायस ना? त्यानंच काप."