टोक सैल होतं

वारज्याच्या माळावर आमचं रॉकेट पॅराशूट न उघडता का कोसळलं, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ऑफिसात त्यावर तीन मीटिंग झाल्या. तिन्हींचे मिनिट्स मीच लिहिले.

वायटूकेचं, म्हणजे सन २००० साठी संगणकातल्या तारखा सुधारण्याचं, काम नुकतंच संपलं होतं आणि कंपनीत क्लब काढायची टूम निघाली होती. आमच्या टीममधल्या वानखेड्यांनी मॉडेल रॉकेट्रीचा काढला. माणूस यवतमाळचा, अबोल. पण रॉकेटचा विषय निघाला की डबा उघडायचा राहायचा. अमेरिकेहून क्लायंट येणार होते, त्यांच्यासमोर रॉकेट उडवायचं ठरलं. मॅनेजर देशपांडे म्हणाले, "नीट झालं तर क्लब चालू. नाहीतर वानखेडे, कॅरम आहेच."

मी टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार. आमच्यात एक नियम आहे: चूक सापडली की नोंदवायची, स्वतः दुरुस्त करायची नाही. देशपांड्यांनी मला रॉकेट तपासायला बसवलं. हातभर पुठ्ठ्याची नळी, आत घडी घातलेलं पॅराशूट, वर प्लॅस्टिकचं टोक. टोक हलत होतं. मी बग नोंदवला: 'टोक सैल.'

तासाभरात वानखेड्यांनी तो बंद केला. शेरा: 'बाय डिझाइन.' म्हणजे, ते तसंच असायला हवं. चूक अंगाशी आली की प्रोग्रॅमर हेच दोन शब्द लिहितात. ते वाचून वाचून माझं डोकं पिकलं होतं. वानखेड्यांच्या खुर्चीपर्यंत बारा पावलं. जाऊन विचारता आलं असतं. मी ड्रॉवरमधून गोंदाची ट्यूब काढली.

दुसऱ्या दिवशी रॉकेट सुंदर गेलं. क्लायंटनी टाळ्या वाजवल्या. मग ते वर जाऊन वळलं आणि टोक खाली करून सरळ आमच्याकडे निघालं. क्लायंट टाळ्या वाजवतच होते. त्यांना वाटलं, इकडे असंच करतात. देशपांडे गाडीखाली शिरले. रॉकेट कुंपणापलीकडच्या शेणाच्या ढिगात अर्धं रुतलं. ढिगाच्या मालकीण आजी काठी घेऊन उभ्या. "माझ्या ढिगात पडलं, ते माझं."

त्यामुळे पुरावा तिकडे आणि मीटिंग इकडे.

"वानखेडे, वर गेलं, अभिनंदन," देशपांडे म्हणाले. "खाली आणणं स्कोपमध्ये नव्हतं का?"

"सर, वर गेल्यावर आत छोटा बार उडते. त्याच्या धक्क्यानं टोक निघते अन् पॅराशूट बाहेर येते. म्हणून तर टोक सैल ठेवतो."

माझं पेन थांबलं.

"मग आलं का नाही?"

"तेच तर समजून नाही राहिलं. घडी मी तीनदा घातली होती."

"तीनदा चुकली असेल," देशपांडे म्हणाले.

मी लिहिलं: मूळ कारण, पॅराशूटची सदोष घडी. उपाय, वानखेड्यांना घडीचं ट्रेनिंग. ते एचआरच्या बाईंनी दिलं. त्यांच्याकडे पॅराशूट नव्हतं, त्यांनी ओढणी वापरली. वानखेड्यांनी वीस वेळा ती घडी घातली आणि सर्टिफिकेट घेतलं. मग क्लब बंद झाला.

रविवारी मी एकटाच वारज्याला गेलो. आजी चुलीपुढे बसल्या होत्या, रॉकेट मांडीवर.

"फुंकनी करायची व्हती रं. पर ह्ये टोक निघंना. कुन्या मुडद्यानं चिकटावलंय?"

आम्हा बारा इंजिनियरांना तीन मीटिंगांत जे सापडलं नाही, ते त्यांना शेण पुसता पुसता सापडलं होतं.

"माहीत नाही, आजी."

"मंग लोखंडाची फुंकनी आनून दे, आन् घेऊन जा ह्ये."

तसं केलं. रॉकेट आज माझ्या माळ्यावर आहे, जुन्या मॉनिटरमागे.

वानखेडे आता बिबवेवाडीत राहतात. दर दिवाळीला फोन येतो. शुभेच्छा देऊन झाल्या की विचारतात, "पण घडी बरोबर होती ना हो?" मी म्हणतो, "असेल." त्यांनी परत कधी रॉकेट केलं नाही.

टेस्टरने दुरुस्ती करू नये. केलीच, तर नोंदवावी. ही नोंद उशिराची आहे, आणि वानखेड्यांना अजून दिलेली नाही. मी त्यांना एवढं देणं लागतो: घडी बरोबर होती. टोक मी चिकटवलं.