पेटीतल्या हवेचा आकडा

माझी मुलगी दोन महिने आधी जन्मली. परळच्या एका हॉस्पिटलात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आणि त्या पेटीवरचा कंट्रोलर तिथल्या कुठल्याही बापापेक्षा मला जास्त कळत होता. औषधांच्या कारखान्यांत तापमानाचे कंट्रोलर बसवणं हेच माझं सोळा वर्षांचं काम. तिथे एक कंट्रोलर भांड्यातल्या औषधाचं तापमान बघतो आणि भोवतीचं पाणी किती गरम हवं ते दुसऱ्याला सांगतो. पेटीतही तीच जोडी होती. बाळाच्या पोटावर चिकटवलेला सेन्सर त्वचेचं तापमान बघायचा, आणि त्यावरून आतली हवा किती तापवायची ते ठरायचं. बायकोला मी हे सगळं समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "तिला थंडी वाजत नाहीये ना, एवढंच सांग."

पाचव्या दिवशी दुपारी भेटायला गेलो, तर हवेचा आकडा वर चालला होता. तेहतीस, चौतीस, मग पस्तीस. त्वचेचा मात्र छत्तीसवर अडकलेला. कारखान्यात असं दिसलं की मी आधी सेन्सर तपासतो. दहातल्या नऊ वेळा तोच सुटलेला असतो.

"सिस्टर, सेन्सर निघालाय! हवा उगाच तापतेय, बाळ भाजेल आत."

"मी बघते. तुम्ही पेटीला हात लावू नका."

तिने आत हात घालून चिकटपट्टी दाबून पाहिली. मग बाळाच्या काखेत थर्मामीटर लावला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. बाळ गरम निघू दे, यंत्रच बिघडलेलं असू दे, एवढंच मनात चाललं होतं.

"सेन्सर नीट आहे," ती म्हणाली. "बाळच थंड पडतंय, म्हणून पेटी हवा तापवतेय." आणि तिने डॉक्टरांना हाक मारली.

मला बाहेर जायला सांगितलं. कारखान्यात मी निदान कंट्रोलर बंद करून झडप हाताने फिरवली असती. इथे बाहेरून दाराच्या काचेला नाक लावून उभा होतो. खिशात टेस्टर होता, तो उगाच मुठीत आवळून धरला होता. रक्तात इन्फेक्शन असावं, असं डॉक्टरांनी तासाभराने सांगितलं.

वरच्या मजल्यावर बाळंतिणींच्या वॉर्डात बायको वाट बघत होती.

"काय झालं? एवढा उशीर?"

"काही नाही गं. सेन्सर सुटला होता. लावला."

संध्याकाळी डॉक्टरच तिच्याशी बोलले. मी खाली मान घालून तिच्या खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. ते गेल्यावर ती जराशी सरकली आणि खाटेवर मला बसायला जागा करून दिली.

पुढे दहा दिवस इंजेक्शनं चालली. हवेचा आकडा एखाद्या दिवशी उतरायचा, दुसऱ्या दिवशी परत चढायचा. मी वहीत लिहायला घेतलं होतं, तिसऱ्या दिवशी सोडून दिलं. लिहून काय करणार होतो? सहाव्या आठवड्यात आम्ही तिला घोडपदेवला घरी आणलं.

घरी पेटी नव्हती. पहिले कित्येक दिवस आम्ही दोघं आळीपाळीने तिच्या पोटावर तळवा ठेवून बघायचो आणि एकमेकांना विचारायचो, "तुला कशी लागतेय?"