काचेच्या कपाटातला राऊटर

अज्ञानाचा एवढा आत्मविश्वास मी आमच्या मामांखेरीज कुणात पाहिला नाही. खाणी जोरात होत्या तेव्हा त्यांचे ट्रक चालायचे. त्या पैशांत त्यांनी डिचोलीत तीन मजली घर बांधलं, आणि तेव्हापासून जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत झाली.

वायफाय आलं तेव्हा राऊटर त्यांनी खालच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "धूळ बसता त्येच्यार!" मध्ये दोन जाड स्लॅब, वर रेंज कुठून पोचणार? मग मामांनी रिपीटर आणला आणि थेट वरच्या मजल्यावर लावला. जिथं सिग्नलच नाही, तिथं तो पुढे काय पाठवणार? मी तुयेच्या कारखान्यात नेटवर्कच सांभाळतो, म्हणून हे सांगायला गेलो.

"तुका काय कळता? दिवो पेटता मरे तेचो!"

त्यांची सून, माझी वहिनी, वरच्या मजल्यावर राहायची आणि घरून नोकरी करायची. रेंजसाठी बिचारी लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यात बसे. एका मीटिंगमध्ये तिचा आवाज तीनदा तुटला आणि साहेबांनी शेवटची ताकीद दिली. मामांकडे उपाय तयार होता : "नोकरी सोडूक सांग तिका. सून जिन्यार बसता, शोभता काय?" भोक पाडून वर वायर नेऊ म्हटलं, तर म्हणाले, "मार्बलाक हात लावून बघ!"

मामा इब्रामपूरला लग्नाला गेले त्या दिवशी, जन्मात आवाज न चढवलेल्या मामीने मला बोलावलं आणि कपाटाची किल्ली हातात दिली.

"पाड भोक. त्यांका मी बघतंय."

संध्याकाळपर्यंत जिन्याजवळच्या मार्बलात भोक पाडून वायर वर गेली आणि प्रत्येक मजल्यावर वायफाय पसरवणारा एकेक ॲक्सेस पॉइंट बसला. वहिनीने पहिल्यांदाच खोलीचं दार लावून मीटिंग केली. बाहेर आली ती डोळे पुसतच.

मामा परतले, भोक पाहिलं आणि जेवणार नाही म्हणाले. मामीने ताट उचललं, परत वाढलं नाही.

गेल्या वर्षी मामा वारले. बाराव्याला शेजारचे एक गृहस्थ मला म्हणाले, "दूरदृष्टीचा माणूस! मार्बल फोडून घरभर वायफाय बसवलं. स्वतः उभं राहून! मला किती वेळा सांगायचे."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण मामीच आधी बोलली.

"व्हय तर. सगळा एकट्यांनी केल्यांनी."

थाप मामांचीच होती. पण तिच्या तोंडून ती ऐकल्यावर मला खोडवेना.