लक्ष्मीचं नाक

बी.ए. झालेली सून घरात आली की काय होतं, हे तेव्हा वडीगोद्रीजवळच्या आमच्या गोठ्यातल्या म्हशींनीसुद्धा सांगितलं असतं. मी त्यांच्याशीही शुद्ध बोलायची. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. औरंगाबादेत कॉलेजात असताना मी एक-दोन चित्रप्रदर्शनं पाहिली होती. खरं तर ऊन फार होतं आणि आत पंखे होते. पण तेवढ्या भांडवलावर ‘अमूर्त’ हा शब्द मी घरात जिथं जमेल तिथं वापरायची. भाजीत मीठ कमी पडलं तरी.

माझे सासरे चित्रकार होते. मी लग्न होऊन येण्याआधीच ते गेले. जत्रेतल्या नाटकांचे पडदे, देवळांच्या भिंती, पोळ्याला बैलांची शिंगं आणि लोकांच्या घरातल्या लक्ष्म्या, सगळं त्यांनी रंगवलं. त्यांच्या प्रत्येक लक्ष्मीचं नाक एकच. खाली रुंद, उजवीकडं जरा कललेलं. ते नाक माझ्या सासूबाईंचं होतं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. पंचक्रोशीत लोक दिवाळीला त्या नाकाची पूजा करायचे आणि पाडव्याला आत्याबाई रस्त्यात दिसल्या की गालात हसायचे. मला त्या लक्ष्म्यांची फार लाज वाटे. लक्ष्मीच्या बाजूच्या हत्तींना गुडघे नाहीत, अशी माझी तक्रार होती.

नवीन जालन्यात आमचे बियाण्यांचे शेठजी होते. लोक मुंबईहून साड्या आणत, हे चित्रं आणत. नव्या तऱ्हेची, मोठाली, ज्यात काय आहे ते चित्रकाराला विचारावं लागतं अशी. ती गोळा करता करता घरातल्या भिंती संपल्या, तेव्हा दुकानावरच्या हॉलमध्ये मांडून सगळ्यांना दाखवायची, असं त्यांनी ठरवलं. सोबत आपल्या भागातला एखादा जुना चित्रकार हवा, म्हणून आमच्या घरातली मोठी लक्ष्मी मागितली.

आत्याबाई त्या दिवसापासून वेगळ्याच चालू लागल्या. सासऱ्यांनी जन्मभर लोकांच्या ओसरीवर बसून चित्रं काढली, पण त्यांचं चित्र मोठ्या ठिकाणी लागलंय, असं कधी झालं नव्हतं. “दारातून आलं की दिसली पाह्यजे,” एवढंच त्या म्हणत होत्या. लक्ष्मी गोधडीत गुंडाळून, जीपमध्ये मांडीवर घेऊन त्या जालन्याला आल्या.

आणि शेठजींनी ती हॉलला लागून असलेल्या मागच्या खोलीत टांगली, वजनकाट्याजवळ, पोत्यांच्या थप्पीमागं.

“शेठ,” आत्याबाई म्हणाल्या, “तुमच्या वडलानं ह्यांच्या हातच्या लक्ष्मीपुढं दिवा लावल्याबिगर दुकान उघडलं न्हाई कधी. आन् तुम्ही हिला पोत्यामागं दडवून राह्यले?”

“काकू, पुढची सगळी आधुनिक आहेत. एका भिंतीवर बराबर दिसणार नाही.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी बी.ए. होते. मी म्हणाले, “आत्याबाई, दोन्ही चित्रांची भाषा वेगळी आहे.”

त्यांनी मला खालून वर पाहिलं. “तुही बी वेगळीच हाय. तरी घरात ठिवलीच ना तुला.”

प्रदर्शन उघडलं, पण माणूस येईना. बियाणं घ्यायला आलेले शेतकरी जिन्यापर्यंत येऊन परत जायचे. संक्रांतीचे दिवस होते. शेठाणींनी युक्ती काढली: प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी यंदाचं हळदीकुंकू त्या हॉलमध्येच. बायकांना चित्रं समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि चष्मा नसताना डोळे बारीक केले.

आत्याबाई मागच्या खोलीत बसल्या. सासरे गेल्यापासून त्या हळदीकुंकवाला पुढं यायच्या नाहीत, कुणी बोलवायचंही नाही.

दारासमोरच्या भिंतीवर शेठजींचं सगळ्यांत लाडकं चित्र होतं. पुरुषभर उंच, वरपासून खालपर्यंत शेंदरी, आणि मधोमध जरा वर दोन पांढरे ठिपके. बायका जिना चढून आल्या. पुढं करंडा घेतलेली एक पोक्त बाई होती. तिनं सगळीकडं नजर फिरवली.

“पोरी, ह्यातला देव कंचा? आधी देवाला लावावं, मंग बायकांला.”

मी हसले. फार समजूतदार हसले. “मावशी, इथं असं काही ठरलेलं नसतं. ज्याला जे दिसेल तेच खरं.”

मावशीनं शेंदरी चित्राकडं पाहिलं. दोन ठिपक्यांनी मावशीकडं पाहिलं.

“मंग हा तर म्हसोबाच की,” ती म्हणाली आणि ठिपक्यांच्या मधोमध हळदीचं आणि कुंकवाचं बोट ओढलं.

एकीनं लावलं की मागचीनं लावायचंच असतं. मी पलीकडच्या कोपऱ्यात निळ्या रंगातली वेदना समजावून परत येईपर्यंत म्हसोबाच्या कपाळाला जागा उरली नव्हती. खाली तिळगूळ, बोरं, उसाची कांडी.

“अहो, हे अमूर्त आहे,” मी म्हणाले.

“असंल माय. आमच्या बांधावरचा बी असाच हाय, हातपाय न्हाईत त्याला.”

शेठजी वर आले. त्यांनी रुमालानं पुसायला घेतलं तर हळद आणखी पसरली. जिन्यात बांगड्या वाजत होत्या. दुसरी तुकडी चढत होती. शेठजींचा चेहरा पाहवत नव्हता. तेवढ्यात मागच्या खोलीच्या उंबऱ्यातून आवाज आला.

“शेठ, बायकांला देव लागतो. न्हाई देल्ला तर त्या करून घेत्यात. माह्या लक्ष्मीला काच हाय, किती बी लावा, पुसता येतं. आणा तिला म्होरं.”

शेठजींनी एकदा जिन्याकडं पाहिलं आणि हमालांना हाक मारली, “जल्दी उठवा.” म्हसोबा वजनकाट्याजवळ गेले. लक्ष्मी दारासमोर आली, त्याच खिळ्यावर.

पुढं शेठजींना कुणी विचारायचं, त्या शेंदरी चित्रावर हे पिवळं बोट कशाचं. ते सांगायचे, तो चित्रकाराचा परंपरेशी संवाद आहे. ते मीच शिकवलं होतं त्यांना.

संध्याकाळपर्यंत बायका येत राहिल्या. दारातून आल्या की लक्ष्मी दिसायची आणि हात आपोआप करंड्यात जायचा. काचेवर कपाळाची जागा भरली तशी बोटं खाली सरकली, नाकावर. शेवटच्या बायकांत ती करंडेवाली मावशी परत आली. तिनं लक्ष्मी पाहिली, मग उंबऱ्यात बसलेल्या आत्याबाईंकडं पाहिलं, पुन्हा लक्ष्मी पाहिली.

“काकू, नाक तर तुमचंच हे.”

“मंग काय शेठाणीचं काढतेत का ते,” आत्याबाई म्हणाल्या.

बायका गेल्यावर मी ओलं फडकं घेऊन काच पुसायला गेले.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “गोधडी आण.”

जीपमध्ये त्यांनी लक्ष्मी पुन्हा मांडीवर घेतली. गोधडी वरून थोडी उघडी ठेवली होती. अंबडच्या पुढं रस्ता खराब लागला, तशी त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, “काय गं, ते तुहं अमूर्त म्हंजी नेमकं काय असतं?”

मी बी.ए. होते. सांगायला म्हणून त्यांच्याकडं वळले. त्यांच्या नाकाला कुंकू लागलं होतं. ते काचेवरून उडालं होतं की त्यांनीच हळूच बोट लावून घेतलं होतं, हे मी काही विचारलं नाही.